रोमचा पाठ सोपाऱ्याच्या बंदरातून सुरू व्हावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळांमध्ये सहावीच्या मुलांना तीन-चार आठवडे सलग प्राचीन रोमचा इतिहास शिकवला जातो, त्यावरून आपल्या दैनिकात गेले काही दिवस पत्रव्यवहार चालू आहे. मुंबईच्या मुलांना रोमशी काय देणेघेणे, असा एका बाजूचा सवाल आहे. पाठ्यपुस्तक नाही, परीक्षेचा धाक नाही आणि मुले आनंदाने शाळेत जातात, एवढ्यावर दुसरी बाजू समाधानी दिसते. माध्यमिक शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला दोन्ही बाजूंशी थोडे भांडायचे आहे. रोम जरूर शिकवावा, बाराव्या वर्षाच्या सुमारासच शिकवावा आणि गोष्ट सांगूनच शिकवावा; मात्र मुंबईत तो सोपारा-कल्याणच्या बंदरांतून आणि आपल्या समाजाच्या प्रश्नांतून शिकवला गेला पाहिजे, शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत आखलेल्या क्रमाने जसाच्या तसा उतरवून नव्हे, असे माझे मत आहे.

ज्या वाचकांना ही पद्धत अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. जर्मनीतील स्टुटगार्ट येथील वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया या सिगारेट कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांनी आपल्या कामगारांच्या मुलांसाठी सप्टेंबर १९१९ मध्ये शाळा काढली आणि तिची आखणी रूडॉल्फ स्टायनर या अध्यात्मवादी विचारवंताकडे सोपवली. मुंबईत अंधेरीच्या त्रिधा आणि इनोदय या शाळा याच परंपरेतल्या आहेत. सकाळचा पहिला दोनेक तासांचा वेळ 'मेन लेसन'चा असतो आणि त्यात तीन-चार आठवडे एकच विषय चालतो. शिक्षक पहिल्या दिवशी प्रसंग तोंडी सांगतात, दुसऱ्या दिवशी मुले तो आपल्या शब्दांत परत सांगतात, त्यावर बोलणे होते आणि मगच मुले तो स्वतःच्या वहीत लिहितात व चित्रित करतात. ही वही हेच त्यांचे पुस्तक. इतिहासाचा क्रमही ठरलेला असतो. पाचवीत प्राचीन भारत, इराण, मेसोपोटेमिया, इजिप्त आणि अलेक्झांडरपर्यंतचा ग्रीस, तर सहावीत रोम आणि त्यानंतरचा मध्ययुगीन युरोप.

रोम सहावीतच का, याचे स्टायनर यांचे उत्तर असे की बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या मनात कार्यकारणभावाची जाणीव जागी होते. म्हणून याच वर्षी कंपास घेऊन भूमिती येते, पदार्थविज्ञानाचे पहिले प्रयोग येतात, टक्केवारी आणि व्याजाची गणिते येतात आणि त्यांच्या जोडीला कायदा, करार, रस्ते, लष्कर आणि कर्ज यांचा इतिहास असलेले रोम येते. स्टायनर यांचे अध्यात्म मला पटत नाही. पण त्यांचे हे निरीक्षण कोणत्याही शाळेच्या मैदानावर पडताळून पाहता येईल. सहावी-सातवीची मुले खेळण्यात जेवढा वेळ घालवतात त्याहून अधिक वेळ नियमांवरून वाद घालण्यात घालवतात. नियम कोणी केला, तो सगळ्यांना सारखा का नाही, आणि ज्याची बॅट त्याला दोनदा खेळायला का मिळते, हे त्यांचे खरे प्रश्न असतात. रोमच्या प्रजासत्ताकाचा पहिल्या दोन शतकांचा इतिहास हा नेमका याच प्रश्नांचा इतिहास आहे.

इ. स. पू. ४९४ चा प्रसंग घ्या. रोमच्या सामान्य नागरिकांनी, म्हणजे प्लेबियनांनी, युद्धे लढायची, युद्धामुळे शेती पडीक राहिली की कर्ज काढायचे आणि कर्ज फिटले नाही की सावकाराच्या घरी बांधील व्हायचे, असा क्रम चालला होता. अखेर सैन्यात असलेल्या या लोकांनी लढण्यास नकार दिला आणि शहर सोडून ते काही मैलांवरच्या एका टेकडीवर जाऊन बसले. शस्त्र उगारले नाही, लूट केली नाही; आम्ही नसलो तर तुमचे शहर चालवून दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तडजोड झाली तेव्हा त्यांना स्वतःचे प्रतिनिधी, म्हणजे ट्रिब्यून, निवडण्याचा हक्क मिळाला आणि त्या प्रतिनिधीच्या अंगाला हात लावणे हा धर्मद्रोह ठरला. ज्या शहरात १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्या शहरातल्या मुलाला ही गोष्ट परकी वाटेल असे म्हणणाऱ्यांनी गिरणगावातल्या एखाद्या घरात ती सांगून पाहावी. दोन्ही घटना एकसारख्या आहेत असे मी म्हणत नाही. प्लेबियनांवाचून रोमला शत्रू थोपवता येत नव्हता. गिरणीमालकांना मात्र कामगारांपेक्षा जमीन अधिक मोलाची वाटू लागली होती. हा फरक बारा वर्षांच्या मुलाला समजतो आणि तो समजला की कार्यकारणभाव वेगळा शिकवावा लागत नाही.

याच प्रसंगातली एक उपकथा जवळजवळ प्रत्येक शिक्षक सांगतो. टेकडीवर बसलेल्यांची समजूत घालायला मेनेनियस अग्रिपा नावाचा सरदार गेला आणि त्याने पोट व अवयव यांची गोष्ट सांगितली: हात, तोंड आणि दात यांनी पोटाविरुद्ध संप केला, पोटाला अन्न देणे बंद केले, तेव्हा तेच अशक्त झाले. गोष्ट सुरेख आहे, मुले तिची चित्रेही झकास काढतात आणि पुष्कळ वर्गांत विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू देऊ नये, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. समाज हे एक शरीर आहे आणि प्रत्येकाने आपापल्या अवयवाचे काम निमूटपणे करावे, ही कल्पना आपल्याकडे पुरुषसूक्तापासून चालत आलेली आहे आणि तिच्यात पाय कोणाला ठरवले गेले, हे महाराष्ट्रात तरी कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा ही गोष्ट कोणी सांगितली, कोणाला सांगितली आणि पोट होण्याचा मान कोणाकडे आला, असे तीन प्रश्न शिक्षकाने फळ्यावर लिहावेत आणि गप्प बसावे. दुसऱ्या दिवशी मुले जे बोलतील ते ऐकण्यासारखे असेल.

पुढे इ. स. पू. ४५१-४५० मध्ये रोमचा कायदा बारा कोष्टकांच्या रूपाने लिहून चौकात लावला गेला. तोवर कायदा काय आहे हे उच्चकुलीन पुरोहितांनाच ठाऊक असे. आता तो कोणालाही वाचता येऊ लागला. आपल्या लहानपणी मुले ही कलमे पाठ करत असत, असे रोमन वक्ता सिसेरोने नोंदवले आहे. परंतु लिहिलेला कायदा म्हणजे न्याय्य कायदा नव्हे, हेही त्याच कोष्टकांतून शिकवता येते, कारण उच्चकुलीन पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यातल्या विवाहाला त्यांत बंदी होती. ती बंदी इ. स. पू. ४४५ मध्ये, म्हणजे पाचेक वर्षांतच, रद्द करावी लागली. आंतरजातीय विवाहावरून आजही जिथे खून पडतात, त्या आपल्या राज्यात हा धडा शिकवताना रोमपासून इथवर यायला शिक्षकाला एक वाक्यही पुरेल.

आणि ही वाट काही मी नव्याने दाखवत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या, जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपल्या न झालेल्या भाषणात प्लेबियनांचा दाखला दिला आहे. प्लेबियनांना आपल्यातला माणूस सत्तापदावर निवडण्याचा हक्क मिळाला, तरी देवतेचा कौल अनुकूल असल्याखेरीज पद स्वीकारता येत नसे आणि कौल सांगणारे उच्चकुलीन असत. म्हणून धर्माच्या पकडीतून सुटल्याविना राजकीय हक्क पोकळ राहतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. दादरच्या राजगृहात राहणाऱ्या, भारतातल्या अस्पृश्यतेविषयी लिहिणाऱ्या माणसाला रोमचा इतिहास उपयोगी पडला. 'आमचा रोमशी संबंध काय' असे विचारणाऱ्या पत्रलेखकांना याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

व्याजाच्या गणितांचा उल्लेख वर आला आहे. सावकारी कर्जापायी माणूस बांधील होण्याची रोमन प्रथा इ. स. पू. ३२६ मध्ये बंद झाली, असे इतिहासकार लिव्ही सांगतो. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. सकाळी इतिहासात हे आणि गणिताच्या तासाला चक्रवाढ व्याज, असे झाले तर सूत्र घोकावे लागणार नाही.

आता या पद्धतीतल्या उणिवेकडे येते, कारण तिच्या पुरस्कर्त्यांनी या पत्रव्यवहारात ती टाळली आहे. स्टायनर यांच्या मते मानवी संस्कृतीची युगे भारतापासून सुरू होतात, इराण, इजिप्त-बाबिलोन, ग्रीस-रोम अशी पश्चिमेकडे सरकतात आणि वर्तमान युगात युरोपात पोहोचतात. पाचवी-सहावीचा क्रम याच कल्पनेतून आलेला आहे. त्यांच्या वंशविषयक विधानांवर युरोपातही टीका झाली आहे, पण तो वाद बाजूला ठेवला तरी अभ्यासक्रमाचा परिणाम उरतोच. भारत अकराव्या वर्षी ऋषींच्या आणि राजपुत्रांच्या गोष्टींत येतो आणि कायदा, पूल, व्यापार, शासन असे 'जागेपणीचे' विषय सुरू होतात तेव्हा तो नकाशावरून नाहीसा झालेला असतो. भारतातले वॉल्डॉर्फ शिक्षक आपापल्या परीने यात बदल करतात, हे मला ठाऊक आहे. बदल करणे शिक्षकाच्या हौसेवर सोडू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

कारण रोमचा इतिहास पश्चिम रेल्वेच्या मार्गावर पसरलेला आहे. इ. स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तिकेत आपल्या किनाऱ्याची बंदरे ओळीने दिली आहेत: भडोच, सोपारा, कल्याण, चौल. रोमच्या ताब्यातील इजिप्तमधून जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून येत आणि हिवाळ्यात वारा उलटला की परतत. जूनमधल्या पहिल्या पावसात भिजत शाळेत आलेल्या मुलांना, याच वाऱ्याच्या भरवशावर रोमन साम्राज्यातले व्यापारी इथे येत होते, हे सांगून रोमचा पाठ सुरू केला तर? रोमच्या स्थापनेची, लांडगीचे दूध पिणाऱ्या जुळ्या भावांची गोष्ट आठवडाभराने सांगितली तरी बिघडत नाही.

'पेरिप्लस'मधला कल्याणचा मजकूर तर वर्गासाठीच लिहिल्यासारखा आहे. पूर्वी कल्याण हे रीतसर बाजारपेठेचे बंदर होते, पण पुढे सत्ता बदलल्यावर तिथला व्यापार अडवला गेला आणि एखादे ग्रीक जहाज चुकून तिथे लागलेच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ लागले, असे तो लेखक सांगतो. या अडवणुकीमागे सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांची स्पर्धा होती. भडोचकडे क्षत्रप राजा नहपान, इकडे सातवाहन. आणि त्या स्पर्धेचा निकाल नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात पाहायला मिळतो. तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर नहपानाच्या मुद्रेवरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे. नहपानाच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा आहे आणि कडेने ग्रीक अक्षरे आहेत. अशा एका नाण्याचे मोठे छायाचित्र मुलांपुढे ठेवले, तर भूमध्य समुद्राकडून काय आले, इथे त्याचे काय झाले आणि शेवटी जिंकले कोण, हे तिन्ही प्रश्न त्या नाण्यावरच वाचता येतात.

पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून सुती कापड बैलगाड्यांनी भडोचला जात असे, हेही 'पेरिप्लस'मध्ये आहे. बदल्यात इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळी आणि काच येत असे. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) साम्राज्याबाहेर ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने केली आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तिथल्या संग्रहालयात आहे. उलट दिशेने गेलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ साली पॉम्पेई या रोमन शहरावर पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेत सापडली आणि तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये गाडले गेले. म्हणजे मूर्ती त्यापूर्वीच तिथे पोहोचली होती, हा तर्क सहावीतले मूल स्वतः करू शकते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, दात्यांनी दिलेले खांब उभे आहेत. सहल रिसॉर्टला नेण्याऐवजी इथे नेली तर पालकांचे पैसेही वाचतील.

दुसरी उणीव गोष्टीच्या आहारी जाण्याची. होरेशियसने एकट्याने पूल अडवला, म्युशियसने शत्रूसमोर आपला हात निखाऱ्यात धरला, या गोष्टी मुलांना सांगाव्यात. चौथीत शिवचरित्राच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी माणसाला गोष्टीच्या ताकदीविषयी शंका असू नये. पण या रोमन गोष्टी ज्याच्याकडून आपल्याला मिळाल्या तो लिव्ही त्या काळानंतर पाचेकशे वर्षांनी लिहीत होता. फार जुन्या दंतकथा आपण खऱ्याही म्हणत नाही आणि खोट्याही ठरवत नाही, असे त्यानेच प्रस्तावनेत सांगून टाकले आहे आणि गॉल लोकांच्या स्वारीत जुनी कागदपत्रे बहुतांशी जळाली, हेही तो नमूद करतो. जो प्रामाणिकपणा लिव्हीने दाखवला तो शिक्षकाने का दाखवू नये? 'रोमन लोक स्वतःविषयी असे सांगत असत' या एका वाक्याने गोष्टीचा रंग उतरत नाही. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना आपल्याला शिकवला आहे. त्याचा बाळबोध अवतार सहावीत यायला हरकत नाही. सुंदर रंगवलेल्या वहीत दंतकथा आणि पुरावा एकाच शाईने लिहिले जातात, ही माझी या शाळांबद्दलची खरी तक्रार आहे.

रोमच्या वैभवाबद्दलही हेच. कमानी, रस्ते आणि जलवाहिन्या यांवर मुले खुशीत काम करतात आणि ते करू द्यावे. फ्रान्समधल्या नीम शहराला पाणी पुरवणारी रोमन जलवाहिनी पन्नास किलोमीटर लांब असून तिचा एकूण उतार वीस मीटरही नव्हता, हे कळल्यावर तानसाचे पाणी मुंबईपर्यंत कसे येते, हा प्रश्न कोणीतरी विचारतेच. परंतु ज्या अॅपियन मार्गाचे चित्र वहीत काढले जाते, त्याच मार्गावर स्पार्टाकस या गुलामाच्या बंडानंतर, इ. स. पू. ७१ मध्ये, सहा हजार गुलामांना कापुआपासून रोमपर्यंत क्रुसांवर चढवले गेले होते. मुलांना याचे भडक वर्णन ऐकवू नये, आकडा मात्र लपवू नये.

राहिला प्रश्न खर्चाचा. कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी निघालेली ही पद्धत मुंबईत प्रामुख्याने सुखवस्तू घरांपुरती राहिली आहे. वास्तविक इतिहासाच्या 'मेन लेसन'ला लागते काय? वाचून तयारी केलेला शिक्षक, फळा, रंगीत खडू आणि कोऱ्या वह्या. महापालिकेच्या मराठी शाळेत यातले काहीही अशक्य नाही. अडचण येते ती पस्तीस मिनिटांच्या तासिकांची आणि शिक्षकांच्या मागे लागलेल्या अशैक्षणिक कामांची. राज्य मंडळाच्या सहावीच्या पुस्तकात प्राचीन भारताचा इतिहास आहे, त्यात सातवाहनांची माहिती असलेला पाठही आहे. त्या पाठाला जोडून एखाद्या शिक्षकाने दोन-तीन तासिका एकत्र करून कल्याणला अडवलेल्या जहाजांची आणि रोमच्या बारा कोष्टकांची गोष्ट सांगितली, तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने 'पोर्शन' मागे राहिल्याचा शेरा मारू नये, एवढे परिपत्रक शिक्षण विभागाने काढले तरी तूर्त पुरे आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
विलेपार्ले (पूर्व), मुंबई